पीए प्रेशर ७८, व्हॉल्व्हचं ऑपरेशन आणि श्वासातून द्यायचं औषध : माहिती हवी आहे

मृण्मयी_वाई

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं (वय ४३) पुढच्या महिन्यात पुण्यात मायट्रल व्हॉल्व्ह बदलायचं ऑपरेशन ठरलं आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. तेव्हा गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला आणि विषय मागे पडला. पुढे दोन बाळंतपणं झाली, जिना चढताना दम लागायचा, तो ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून सगळ्यांनीच चालवून घेतला. आता इकोत झडप पार आवळलेली निघाली आहे. पीए प्रेशर (फुप्फुसाच्या धमनीतला दाब) ७८ लिहिलंय, उजवीकडचा खालचा कप्पा फुगलेला आहे आणि दुसरी झडपही गळते म्हणतात.

सर्जन म्हणाले की झडप बदलणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे, काळजी आहे ती फुप्फुसातल्या दाबाची. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या मशीनवरून हृदय परत स्वतःच्या जिवावर चालू करताना उजवी बाजू थकली, तर श्वासाच्या नळीतून औषध द्यावं लागेल. संमतीपत्रावर ‘इन्हेल्ड नायट्रिक ऑक्साइड किंवा नेब्युलाइज्ड मिलरिनोन’ असं लिहिलं आहे, आणि पहिल्याचा खर्च वेगळा.

आजार हृदयाचा, मग दाब फुप्फुसात का? औषध शिरेतून का देत नाहीत? या दोन औषधांत फरक काय? महागडं मिळालं नाही तर काही बिघडेल का? दादा (माझे थोरले दीर) फार घाबरले आहेत. त्यांना नीट समजावता आलं तर बरं होईल.

---

अनिमिष_भूलतज्ज्ञ

मृण्मयीताई, मी हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देतो. तुमच्या जाऊबाईंसारखे पेशंट आमच्याकडे वरचेवर येतात, कारण संधिवाताच्या तापाने झडप खराब होणं आपल्याकडे अजून संपलेलं नाही. प्रश्न अगदी नेमके विचारलेत. वेळ काढून लिहितो.

फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेलं रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येतं आणि मायट्रल झडपेतून खाली उतरतं. धरणाचा दरवाजा अर्धवटच उघडत असेल तर पाणी मागे तुंबतं, तसं इथे रक्त तुंबतं. आधी डाव्या वरच्या कप्प्यात, मग फुप्फुसाच्या शिरांत, मग केशवाहिन्यांत, आणि शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत. या धमनीचा सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. २० च्या वर गेला की तो वाढलेला समजतात (पूर्वी ही रेषा २५ वर होती). तुमच्या कागदावरचा ७८ हा सरासरी दाब नाही. तो ठोका पडतानाचा वरचा आकडा आहे आणि इकोवरून अंदाजाने काढलेला आहे. तरी तो खूप आहे यात शंका नाही.

या दाबाचे दोन भाग असतात. एक निव्वळ तुंबण्याचा. नवी झडप बसली की तो तिथेच, टेबलावरच उतरायला लागतो. दुसरा भाग असा की वर्षानुवर्षं तुंबाऱ्याखाली राहून फुप्फुसातल्या बारीक धमन्या स्वतःच आवळून बसलेल्या असतात, काहींच्या भिंतीही जाड झालेल्या असतात. हा भाग झडप बदलल्याबरोबर जात नाही. आवळलेपणा सुटायला दिवस लागतात, जाडी उतरायला महिने लागतात, थोडी कायमचीही राहते.

अडचण येते ती या मधल्या काळात. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ असते. कमी दाबावर रक्त पुढे ढकलण्यासाठीच ती घडलेली आहे. जाऊबाईंचा हा कप्पा आधीच फुगलाय. त्यात ऑपरेशनसाठी हृदय काही काळ थांबवलेलं असतं. परत सुरू करताना उजव्या कॉरोनरी धमनीत हवेचे बुडबुडे जायची शक्यता असते, कारण तिचं तोंड महाधमनीत वरच्या बाजूला, पुढे असतं. आणि हार्ट-लंग मशीनमधून फिरून आलेल्या रक्तामुळे फुप्फुसाच्या वाहिन्या उलट आणखीच आखडतात. म्हणजे दमलेल्या कप्प्यापुढे नेमक्या त्याच वेळी चढण वाढते.

मग शिरेतून औषध देऊन वाहिन्या सैल का करत नाही? कारण ते औषध फक्त फुप्फुसात थांबत नाही, सगळ्या अंगभर जातं. अंगाचा बीपी पडतो. बीपी पडला की उजव्या कप्प्याच्या स्नायूलाच रक्त कमी पोचतं, तो आणखी दमतो, पुढे रक्त कमी ढकलतो, बीपी आणखी पडतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबवणं फार कठीण.

श्वासावाटे दिलेलं औषध हवेच्या पिशव्यांपर्यंत जातं आणि तिथल्याच वाहिन्या उघडतं. आणखी एक फायदा होतो. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही, त्यामुळे रक्त हवेशीर भागाकडे वळतं आणि ऑक्सिजन सुधारतो. शिरेतून दिलेलं औषध निकामी भागातल्या वाहिन्याही उघडून ठेवतं, तेव्हा ऑक्सिजन उलट खाली येऊ शकतो.

आता दोन औषधं. नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे. सिलिंडरमधून येतो, खास यंत्राने श्वासाच्या हवेत मिसळतात, नेहमीची मात्रा दहा लाख भागांत ५ ते २० भाग, कधी ४० पर्यंत. वाहिनीचा स्नायू सैल करून तो रक्तात शिरला की हिमोग्लोबिन त्याला काही क्षणांत निकामी करतं. म्हणून अंगाच्या बीपीवर परिणाम जवळपास नसतो. मिलरिनोन हे मूळचं शिरेतून द्यायचं औषध. त्याचा फवारा करून व्हेंटिलेटरच्या नळीतून देतात. वाहिन्या सैल करण्याची त्याची वाट वेगळी आहे आणि थोडं रक्तात उतरलं तर हृदयाच्या आकुंचनालाही मदत करतं. तुलनेने खूप स्वस्त आहे आणि जवळपास प्रत्येक कार्डियाक ओटीच्या कपाटात असतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: महागडं मिळालं नाही म्हणून ऑपरेशन थांबवण्याची गरज नसते. दादांना सांगा, ही औषधं झडप दुरुस्त करत नाहीत आणि फुप्फुसाचा आजारही बरा करत नाहीत. उजव्या कप्प्याला सावरायला काही तास, फार तर काही दिवस मिळवून देतात. त्या तासांचं मोल मोठं आहे, पण खरा इलाज झडप बदलणं हाच आहे.

---

निशिगंध७

अनिमिष, खूप छान समजावलंत. एक शंका. दाब इतका आहे तर आजपासूनच, घरीच हे फवाऱ्याचं औषध सुरू केलं तर ऑपरेशनपर्यंत दाब उतरणार नाही का?

---

अनिमिष_भूलतज्ज्ञ

नाही, आणि हे कुणी करूही नये. पुढची झडप आवळलेली असताना फुप्फुसाच्या धमन्या मोकळ्या केल्या तर जास्त रक्त आत येतं आणि बाहेर जायला वाट तीच अरुंद. फुप्फुसात पाणी भरू शकतं. डावा खालचा कप्पा फार कमजोर असलेल्या माणसातही हाच धोका. ऑपरेशनआधी जाऊबाईंना उपयोग पडेल तो लघवीच्या गोळ्यांचा, ठोके आटोक्यात ठेवणाऱ्या औषधांचा आणि मीठ कमी करण्याचा, तेही त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात.

---

वैदर्भी_पर्फ्युजन

मी नागपुरात पर्फ्युजनिस्ट आहे, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवते. मशीनच्या बाजूने थोडं लिहिते, कारण नातेवाइकांना हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

बायपास (म्हणजे पेशंट हार्ट-लंग मशीनवर असतो तो काळ) चालू असताना फुप्फुसं जवळजवळ बंद असतात. त्यांच्यातून रक्त फारसं जात नाही, व्हेंटिलेटरही थांबवलेला असतो. शरीराचं रक्त माझ्या मशीनच्या नळ्यांतून आणि ऑक्सिजनेटरमधून फिरतं. परक्या पृष्ठभागाला लागून रक्तात सूज आणणारी द्रव्यं तयार होतात. काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतलं मोकळं हिमोग्लोबिन वाहिन्यांच्या अस्तरातून तयार होणारा आपला स्वतःचा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. म्हणजे आपला स्वतःचा वायू ज्या कारणांनी कमी पडतो आणि बाहेरून द्यावा लागतो, त्यातलं एक कारण मशीनच असतं. म्हणूनच मशीनवरचा वेळ जितका कमी, तितकं आम्हाला बरं वाटतं.

मग हा वायू थेट मशीनच्या ऑक्सिजनेटरमध्येच सोडला तर? ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समध्ये दोन वर्षांखालच्या १३७१ मुलांवर हा प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आला. व्हेंटिलेटरविना गेलेल्या दिवसांत फरक पडला नाही. दुसरीकडे चीनमधल्या शीआनला व्हॉल्व्हच्या २४४ पेशंटना (बहुतेक आपल्यासारखेच संधिवाताच्या तापाचे) बायपासदरम्यान आणि नंतर २४ तास हा वायू ८० भागांच्या मात्रेत दिला, तेव्हा मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आलं. हे २०१८ चं. एका गोष्टीत जमलं नाही, दुसऱ्या गोष्टीत आशा दिसली, असं आहे.

आणखी एक क्षण सांगते. मशीन सुटल्यावर हेपरिनचा (मशीनवर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाचा) परिणाम उतरवायला प्रोटामिन देतात. क्वचित एखाद्या पेशंटमध्ये त्याने फुप्फुसाच्या धमन्या एकदम आवळतात, उजवा कप्पा डोळ्यांदेखत फुगतो. त्यामुळे प्रोटामिन सावकाश, नजर मॉनिटरवर ठेवून दिलं जातं. दाब आधीच जास्त असलेल्या पेशंटच्या वेळी त्या काही मिनिटांत आमच्या ओटीत कुणी बोलत नाही.

---

आरोहीची_आई

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या मुलीच्या हृदयाला जन्मतः मोठं भोक होतं, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने ते पकडलं. वजन वाढत नव्हतं, दूध पिताना कपाळावर घाम यायचा. मी त्याला उन्हाळा समजत होते.

ऑपरेशन नीट झालं. त्या रात्री आयसीयूत नर्स तिच्या नळीतला कफ ओढत होत्या आणि एकदम ऑक्सिजन घसरला, बीपीही घसरला. त्यांनी लगेच शंभर टक्के ऑक्सिजन केला, झोपेचं औषध वाढवलं, डॉक्टर धावत आले. नंतर मला बसवून सांगितलं की याला पल्मनरी हायपरटेन्सिव्ह क्रायसिस म्हणतात. भोकातून वर्षभर जास्तीचं रक्त जाऊन फुप्फुसाच्या धमन्या इतक्या चिडलेल्या असतात की जराशा त्रासाने झटकन आवळतात. त्या रात्री नायट्रिक ऑक्साइड लावला. यंत्राचा हिरवा आकडा मी रात्रभर बघत बसले होते.

मृण्मयीताई, एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. तो वायू बंद करायचा पहिला प्रयत्न झाला तेव्हा दाब परत वर गेला. मला वाटलं सगळं संपलं. पण डॉक्टर शांत होते. हे होतं, म्हणाले. वायू परत थोडा वाढवला, पोटातून सिल्डेनाफिल (फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करणारं औषध) सुरू केलं आणि मग हळूहळू, अगदी थोडा थोडा कमी करत तो काढला. आरोही आता शाळेत जाते, धावते.

खर्चाचं म्हणाल तर आमचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. पॅकेजमध्ये काय येतं आणि काय नाही, हे ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना विचारून घ्या. लेखी घ्या.

---

केदार_मेलबर्न

आरोहीच्या आई, तुमचा अनुभव वाचून बरं वाटलं. मी इथे आयसीयूत नर्स आहे, मूळचा मिरजेचा.

तुम्ही म्हणता तो प्रसंग टाळता येतो का, यावर याच शहरातल्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये एक महत्त्वाचा अभ्यास झाला होता, २००० साली छापून आला. हृदयात डावीकडून उजवीकडे मोठी गळती असलेल्या १२४ बाळांना ऑपरेशननंतर १० भागांचा नायट्रिक ऑक्साइड किंवा नुसता नायट्रोजन दिला. वायू मिळालेल्या बाळांना असे झटके कमी आले आणि ती व्हेंटिलेटरवरून काढण्याच्या स्थितीत लवकर आली. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही.

मला लिहायचंय ते नर्सिंगच्या बाजूने, कारण औषध चांगलं असूनही ते पेशंटपर्यंत पोचलं नाही तर उपयोग शून्य. फवाऱ्याच्या औषधाबाबत हे फार घडतं. थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असले तरच खोल जातात. मोठे थेंब नळीच्या भिंतीवरच बसतात. जाळी कंपवून फवारा करणारे नेब्युलायझर या कामात चांगले. जुन्या जेट प्रकाराला बाहेरून हवा लागते, त्याने व्हेंटिलेटरचे आकडे बिघडतात आणि औषधही वाया जातं. नेब्युलायझर आणि पेशंट यांच्या मध्ये ओलावा धरणारा फिल्टर राहिला असेल तर औषध त्या फिल्टरमध्येच अडकतं. नव्या सिस्टरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच दाखवतो.

इथे एपोप्रोस्टेनॉलचाही फवारा वापरतात. हे प्रोस्टासायक्लिन, म्हणजे वाहिन्या सैल करणारं द्रव्य. त्याचा द्राव फार अल्कधर्मी असतो आणि चिकट राहतो, व्हेंटिलेटरच्या श्वास सोडण्याच्या बाजूचा फिल्टर त्याने चोंदतो. म्हणून तो ठरलेल्या वेळी बदलावा लागतो. आणि त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो, त्यामुळे फवारा सलग चालू ठेवावा लागतो, सिरिंज संपायच्या आधी दुसरी तयार हवी.

नायट्रिक ऑक्साइडचं वेगळं. ऑक्सिजनशी मिसळून त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, तो फुप्फुसाला घातक. म्हणून यंत्र तो सतत मोजतं. रक्तात मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन) वाढतं का हेही ब्लड गॅसवर बघतो. पेशंटला स्कॅनला नेताना वायू तुटता कामा नये, म्हणून हाताने श्वास द्यायच्या पिशवीलाही तो जोडण्याची सोय असते. नातेवाइकांनी विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारा: दुसरा सिलिंडर तयार आहे का?

---

तर्कसंगत

सगळं वाचलं. पण वैदर्भी आणि केदार यांनी सांगितलेल्या अभ्यासांत एक समान धागा दिसतोय. दाब उतरतो, आकडे सुधारतात, माणसं वाचण्याच्या प्रमाणात फरक नाही. मग एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने यासाठी कर्ज का काढायचं? मी आक्षेप म्हणून नाही, मनापासून विचारतोय. माझ्या मामांच्या वेळी आम्ही अशाच एका गोष्टीसाठी जमीन गहाण ठेवली होती.

---

अनिमिष_भूलतज्ज्ञ

तर्कसंगत, हा प्रश्न प्रत्येक नातेवाइकाने विचारायला हवा, आणि आम्ही तो टाळता कामा नये.

मिलरिनोनच्या फवाऱ्यावर सर्वांत जास्त काम कॅनडात, मॉंट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या गटाने केलं. त्यांनी इतर केंद्रांना सोबत घेऊन जोखमीच्या पेशंटवर तुलना केली, ती २०१६ मध्ये आली. फुप्फुसाचा दाब उतरला, हृदय पुढे ढकलतं ते रक्त वाढलं, पण बायपास सुटताना येणाऱ्या अडचणी त्याने कमी झाल्या नाहीत. हृदयाला पंप बसवलेल्या १५० पेशंटमध्ये नायट्रिक ऑक्साइड देऊन पाहिलं (२०११), उजवा कप्पा निकामी होण्याचं प्रमाण थोडं कमी दिसलं, पण ते योगायोगानेही होऊ शकतं इतकंच. फुप्फुसारोपणाच्या पेशंटमध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने नायट्रिक ऑक्साइड आणि एपोप्रोस्टेनॉल समोरासमोर ठेवले, तर महाग वायू स्वस्त फवाऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

तरीही मी ही औषधं वापरतो. का, ते सांगतो. हे अभ्यास ‘जोखीम आहे’ अशा सगळ्यांना औषध देऊन केलेले आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना त्याची गरजच पडली नसती. माझ्यासमोर छाती उघडी असताना उजवा कप्पा फुगून आकुंचनच पावेनासा झालेला पेशंट ही वेगळी गोष्ट आहे. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांत तो कप्पा परत चालायला लागलेला मी पाहिलाय. हा पुरावा नाही, अनुभव आहे, आणि दोन्हींतला फरक मला कळतो. पण अशा पेशंटमध्ये नाणं उडवून अर्ध्यांना औषध न देण्याचा अभ्यास कुणी करू धजत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मॉनिटरवरच्या आकड्यासाठी हे औषध देऊ नये, उजव्या कप्प्यासाठी द्यावं. आकडा तर फसवतोही. कप्पा पूर्ण हरला की त्याला दाब तयार करताच येत नाही, मग पीए प्रेशर छान खाली आलेलं दिसतं आणि पेशंट जात असतो. म्हणून आम्ही अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर कप्पा प्रत्यक्ष बघतो.

आणि पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी. ऑक्सिजन भरपूर, कार्बन डायऑक्साइड वाढू द्यायचा नाही, रक्तात आम्ल साचू द्यायचं नाही, पेशंट गार पडू द्यायचा नाही, वेदना होऊ द्यायच्या नाहीत, फुप्फुस ना मिटलेलं ना अति फुगवलेलं. यातली प्रत्येक गोष्ट बिघडली की फुप्फुसाच्या धमन्या आवळतात. अंगाचा बीपी व्हॅसोप्रेसिन किंवा नॉरॲड्रेनॅलिनने धरून ठेवायचा, म्हणजे उजव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं. हे सगळं नीट केलं तर महाग वायूची पाळी फार थोड्यांवर येते. हे न करता नुसता सिलिंडर जोडणं मला पटत नाही, मग तो कितीही मोठ्या हॉस्पिटलात जोडलेला असो.

जमीन गहाण ठेवायची वेळ या वायूसाठी येऊ नये. मिलरिनोनचा फवारा हा आपल्या परिस्थितीत पूर्णपणे सन्माननीय पर्याय आहे. काही ठिकाणी नायट्रोग्लिसरिनचाही फवारा देतात. शरीरात त्यातून शेवटी नायट्रिक ऑक्साइडच तयार होतो.

---

रसायनप्रेमी

नायट्रोग्लिसरिनचा उल्लेख आला म्हणून थोडी भर. फेरिड मुराद यांनी १९७७ मध्ये हेच दाखवलं होतं, की नायट्रोग्लिसरिन वाहिन्या सैल करतं ते नायट्रिक ऑक्साइड सोडून. तिकडे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं की ॲसिटिलकोलीनने रक्तवाहिनी सैल पडते ती आतलं अस्तर शाबूत असेल तरच. अस्तर खरवडलं की परिणाम नाहीसा. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघत होतं. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ पर्यंत पक्कं झालं. लुई इग्नारो, फर्चगॉट आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

मला विशेष वाटतं ते पुढच्या वेगाचं. १९९१ मध्येच इंग्लंडच्या पॅपवर्थ हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हा वायू पेशंटना हुंगवून फक्त फुप्फुसाचा दाब उतरतो हे दाखवलं, आणि त्याच वर्षी बोस्टनमध्ये वॉरन झॅपॉल यांच्या गटाने कोकरांवर तेच दाखवलं. गाड्यांच्या धुरातला वायू म्हणून ज्याच्याकडे बघायचो, तो चार वर्षांत औषध झाला! अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली ती नवजात बाळांसाठी. हृदयशस्त्रक्रियेतल्या वापराला युरोपात नंतर मान्यता आली. आता हवेतूनच विजेच्या ठिणगीने हा वायू तयार करणारी यंत्रं निघाली आहेत, एकाला अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगीही मिळाली. सिलिंडरची गरज संपली तर आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे पोचू शकेल. ते व्हावं असं फार वाटतं.

---

मृण्मयी_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडा उशीर झाला कळवायला. जाऊबाईंचं ऑपरेशन झालं. मायट्रल झडप बदलली, धातूची बसवली. दुसरी झडप शिवून घट्ट केली. मशीन सुटताना उजवी बाजू ढेपाळली होती, तेव्हा मिलरिनोनचा फवारा दिला आणि रात्रीही चालू ठेवला. नायट्रिकची वेळ आली नाही. दादांना मी हा धागा वाचून दाखवला होता. डॉक्टर बाहेर येऊन सांगत होते तेव्हा त्यांनीच विचारलं, “उजवा कप्पा कसा दिसतोय?” डॉक्टर थांबून नीट पाच मिनिटं बोलले.

आता घरी आणलंय. डिस्चार्जच्या इकोत प्रेशर ५२ आहे. शेजारचे एक जण म्हणतात की त्यांच्या भावाला फुप्फुसाच्या दाबासाठी सिल्डेनाफिल चालू आहे, तुम्हीही विचारा, उरलेला दाब पटकन उतरेल. आरोहीलाही दिलं होतं ना? मग आपणही चालू करावं का?

---

आरोहीची_आई

किती छान बातमी! आरोहीचं सिल्डेनाफिल वायू काढण्यापुरतं होतं, नंतर थोड्या दिवसांत बंद केलं. पुढचं अनिमिष सांगतील.

---

अनिमिष_भूलतज्ज्ञ

फार आनंद झाला, मृण्मयीताई. दादांचा प्रश्न अगदी नेमका होता.

सिल्डेनाफिल स्वतःहून सुरू करू नका. हे मी ठामपणे सांगतोय, कारण यावर नेमका अभ्यास झाला आहे. स्पेनमध्ये झडपेचं ऑपरेशन होऊनही दाब उरलेल्या २०० जणांना सहा महिने सिल्डेनाफिल किंवा नुसती साखरेची गोळी दिली. निकाल २०१८ मध्ये आला. सिल्डेनाफिलवाल्यांची तब्येत जास्त वेळा बिघडली, हार्ट फेल्युअरने दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण वाढलं. शेजाऱ्यांच्या भावाचा आजार बहुधा वेगळ्या प्रकारचा आहे, जिथे दोष मुळात फुप्फुसाच्या धमन्यांतच असतो. तिथे हे औषध उपयोगी पडतं. जाऊबाईंचा दाब डाव्या बाजूच्या तुंबाऱ्यातून आलेला आहे. आरोहीला ते वायू सोडवण्यासाठी, आयसीयूत, डोळ्यांसमोर दिलं होतं. तिन्ही गोष्टी वेगळ्या.

७८ वरून ५२ ही इतक्या लवकर चांगली उतरण आहे. पुढचे काही महिने तो आणखी उतरत राहील अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. कार्डिओलॉजिस्ट सांगतील त्या तारखांना इको करा आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी केलात तर तुलना सोपी जाते. पायाला सूज, पोट फुगणं, वजन दोन-तीन दिवसांत वाढणं, आडवं झाल्यावर दम लागणं, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

धातूची झडप आहे म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी कायमची. मायट्रलच्या जागी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचा तपासणीतला आकडा) साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात, तुमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला आकडा धरा. दात काढायचा असेल, दुसऱ्या कुठल्या दुखण्यावर गोळ्या घ्यायच्या असतील, तर आधी विचारा. आणि संधिवाताच्या तापाचं पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, पुढे किती वर्षं घ्यायचं हे पहिल्याच फेरीत विचारून घ्या. झडप बदलली म्हणून ते आपोआप संपत नाही.